कायमची टोपी

वेंडेल क्रेस्गीनं एकदा बसवलं की बसवलं! स्लेट कॉर्नर्स गावात हे वाक्य दोघं जण म्हणत. एक स्वतः वेंडेल, छाती फुगवून. आणि दुसरी त्याची बायको डोरीन, कपाळाला हात लावून.

त्यांच्या दारातल्या टपालपेटीचा खांब वेंडेलनं घरीच बनवला होता. एका हिवाळ्यात बर्फ ढकलणारी सरकारी गाडी त्या खांबाला धडकली, तर गाडीचं पातं वाकलं आणि पेटीत दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं टपाल आलं. तळघराच्या जिन्याला त्यानं लोखंडी कठडा असा काही जोडला की तळघरातला जुना फ्रिज आता घर पाडल्याशिवाय वर येणार नाही. मोठमोठ्या ट्रकच्या सांगाड्यांना वेल्डिंग करायचं हे त्याचं पोटापाण्याचं काम. सुटणारी वस्तू त्याला बघवत नसे. त्याच्या सगळ्या कारभारात ढिली गोष्ट एकच होती, ती म्हणजे कान. डोरीन काहीही बोलली की तो म्हणे, "हं." आईला रविवारी जेवायला बोलावू? हं. न्हाणीघराला पिवळा रंग देऊ? हं. उद्या घराला आग लागली असं डोरीननं सांगितलं असतं तरी तो "हं" म्हणून मोजमापाची पट्टी शोधत बसला असता.

या "हं"पायीच पुढचं सगळं रामायण घडलं.

झालं असं की शाळेची बस चालवता चालवता डोरीनला बढती मिळाली. नदीपलीकडे, न्यू जर्सीत, एका शाळेच्या बस आगाराची ती आता प्रमुख होणार होती. नदीपलीकडे म्हणजे पुलावरून अर्ध्या तासाची वाट. पण पेनसिल्व्हेनियातल्या माणसाला ती सातासमुद्रापलीकडची वाटते. वेंडेलनं तर जन्मभर त्या राज्याच्या नावानं बोटं मोडली होती. तिथल्या लोकांना गाडी चालवता येत नाही. आणि पंपावर आपल्या हातानं पेट्रोल भरू देत नाहीत, माणसानं आपलं तान्ह्या बाळासारखं गाडीत बसून राहायचं! असल्या माणसाला तिकडे राहायला चल म्हणायचं कसं? डोरीननं बरेच दिवस मनाची तयारी केली आणि एका संध्याकाळी विचारलं. वेंडेल म्हणाला, "हं."

आता या "हं"चा अर्थ काय लावायचा? घर भाड्यानं घेतलं, खोकी भरायला लागली, सामानाचा ट्रक रविवारचा ठरला. तरी डोरीनच्या मनातून धाकधूक जाईना. त्यातच शनिवारी त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. त्या निमित्तानं गावच्या बंबखान्याच्या हॉलमध्ये, चार लोकांदेखत, पुन्हा एकदा लग्नाच्या शपथा घ्यायच्या ठरल्या होत्या. शपथ घेतली की माणूस बरोबर येतो, अशी डोरीनची आपली साधी समजूत.

वेंडेल मात्र कधीच मनानं पुलापलीकडे पोचला होता. इतकंच नाही, त्यानं बायकोला चकित करायचा बेत आखला होता. डोरीनकडे एक रायफल होती. बंबवाल्यांच्या सोडतीत तिला ती लागली होती, आणि तिच्या जोरावर नेमबाजी क्लबातली निम्मी पदकं तिनं घरी आणली होती. वेंडेलला समोरचा डबा लागत नसे; डोरीन त्याच डब्यावरचं अक्षर आधी सांगून फोडत असे. पण त्या रायफलीच्या नळीच्या टोकाला उघडे आटे होते, आणि असल्या रायफलीला असले आटे नदीपलीकडच्या कायद्याला चालत नाहीत.

ही माहिती त्याला स्टॅन पावलिकनं दिली. स्टॅन म्हणजे वेंडेलचा बालमित्र आणि क्लबातला नियमांचा पोपट. तो म्हणाला, "सोपं आहे रे. धक्का कमी करणारी ती पोलादी टोपी मिळते ना, ती आट्यांवर चढवायची. पण फिरवून काढता आली तर उपयोग नाही. कायमची बसायला हवी. साध्या हत्यारानं सुटणार नाही अशी."

कायमची! वेंडेलचे डोळेच भरून आले. आयुष्यभर तो जे करत आला होता, ते करायला प्रथमच एक सरकार त्याला सांगत होतं.

मंगळवारी डोरीन नव्या आगारात गेली असताना त्यानं गॅरेजमध्ये रायफलीचा वरचा अर्धा भाग शिकंज्यात धरला. कामाला लागण्याआधी त्यानं सवयीप्रमाणे बोटातली लग्नाची अंगठी काढली, कारण वेल्डिंग करताना बोटात सोनं ठेवणारा माणूस फार दिवस दहा बोटं घेऊन फिरत नाही. काढलेली अंगठी ठेवायचाही त्याचा एक नियम होता. खिशात नाही, खिळ्यावर नाही. जे काम करायचं त्याच्यातच अडकवायची, म्हणजे काम संपल्यावर समोरच दिसते, विसरायची सोयच नाही. इतक्या वर्षांत नियम एकदाही चुकला नव्हता. त्याप्रमाणे त्यानं अंगठी नळीवर ओवली. ती घरंगळत मागे गेली आणि नेम धरायची माशी असते तिच्या पायाला टेकून उभी राहिली. मग नळी तापू नये म्हणून त्यानं तिच्यावर ओलं फडकं गुंडाळलं. अंगठी फडक्याखाली गेली, आणि दृष्टीआड सृष्टी.

मग त्यानं टोपी चढवली, आतून पिन ठोकली, वरून जोड भरला, घासला, काळा रंग दिला. जोड कुठे आहे हे दिसेना, इतका सुरेख. हातानं पिळून बघितली, पान्यानं पिळून बघितली, सगळा भार टाकून पिळून बघितली. ढिम्म! वेंडेलनं समाधानानं एक ढेकर दिला, फडकं सोडलं, आणि नळीवर चकचकीत अंगठी बघितली.

पुढे अंगठीहून जाड टोपी. मागे माशी, ती काढावी तर त्यामागे नळीच जाड होत गेलेली. आणि मध्ये लग्न, टिचभर जागेत पुढेमागे सरकत होतं.

अंगठी कापायची, त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण ती साधी अंगठी नव्हती. ती डोरीनच्या वडिलांची, हेन्रींची होती. लग्नात सासूबाईंनी, अर्लीनबाईंनी, ती जावयाच्या हातावर ठेवली होती आणि म्हटलं होतं, "माझ्या हेन्रीनं ही मरेपर्यंत घातली. हिला करवत माहीत नाही. अंगठी कापली की लग्न कापलं, लक्षात ठेव." तेव्हापासून दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला, जेवणातल्या टर्कीला सुरी लावण्यापूर्वी, त्या हेच वाक्य जावयाकडे बघून म्हणत. आणि टोपी कापावी तर नळीचं तोंड जाणार, म्हणजे डोरीनची रायफल कामातून जाणार.

वेंडेलनं स्टॅनला फोन लावला. गॅरेजच्या दारामागे आगारातून परतलेली डोरीन खोकं घेऊन उभी आहे, हे त्याला कुठे ठाऊक?

"ती अडकली रे," वेंडेल कुजबुजला. "आता सुटत नाही... नाही, कुणी जबरदस्ती नाही केली, मीच केलं, हौसेनं... तिला सोडवायचं तर हिला कापावं लागेल, आणि हिला राखायचं तर तिला... डोरीनला? वेड लागलंय का! शनिवार पार पडू दे, मग बघू."

डोरीन रडणाऱ्यातली नव्हती. दंगेखोर पोरांनी भरलेली बस बर्फातून उतारावर नेलेली बाई ती. तिनं खोकं खाली ठेवलं, वर गेली, आणि दोघांचे एकत्र भरलेले कपडे उपसून वेगवेगळे केले. तिच्या खोक्यांवर "डोरीन" लिहिलं, ती पुढच्या दाराशी लावली. त्याच्या खोक्यांवर "वेंडेल" लिहिलं आणि ती गॅरेजमध्ये आणून टाकली. वेंडेलनं ती रास पाहिली आणि खूश होऊन म्हणाला, "वा! किती पद्धतशीर!" डोरीननं त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर जागीच विरघळला असता. वेंडेल आपला जेवायला काय आहे विचारून बसला.

मोकळं बोट झाकायला त्यानं पट्टी बांधली होती. खोकं कापताना सुरी लागली म्हणून सांगितलं. पण अर्लीनबाई पूर्वी परिचारिका होत्या. पट्टी दिसली की त्यांचे हात शिवशिवत. बुधवारी त्यांनी बोट बघायला मागितलं, तेव्हा वेंडेलनं पट्टीवर आणखी पट्टी गुंडाळली. गुरुवारी पुन्हा मागितलं, पुन्हा गुंडाळली. शुक्रवारपर्यंत त्या हाताला भोपळा लागल्यासारखा दिसत होता. अर्लीनबाईंनी लेकीला स्वयंपाकघरात ओढलं आणि निदान सांगितलं. "रक्त नाही, सूज नाही, वास नाही. पोरी, ही जखम बोटाला नाही. दुसरीकडेच आहे."

डोरीननं चर्चच्या पास्टरबाईंना फोन केला.

पास्टर ग्रेटा मेट्झगर शुक्रवारी दुपारी गॅरेजमध्ये आल्या आणि उलट्या बादलीवर बसल्या. वेंडेलला वाटलं, स्टॅननं यांना सांगितलेलं दिसतंय. एका परीनं त्याला हलकंच वाटलं.

"वेंडेल," बाई हळूच म्हणाल्या, "देवानं जे जोडलं ते माणसानं तोडू नये."

"तोच तर घोळ आहे बाई. हे देवानं नाही, मी जोडलंय."

"आणि आता पश्चात्ताप होतोय?"

"जोडाचा? छे! जोड उत्तम आहे. शंभर वर्षं हलणार नाही. पण मध्ये तिसरीच अडकून बसलीय ना."

पास्टरबाईंनी बादलीची कड घट्ट धरली. "त्या तिसरीला... तिला कल्पना आहे सगळ्याची?"

"तिला कसली कल्पना असणार?" वेंडेल उसासा टाकून म्हणाला. "बिचारी सोन्याची आहे."

बाई उठल्या, त्याच्या भोपळ्यावर हात ठेवून डोळे मिटून एक लांबलचक प्रार्थना केली आणि घाईघाईनं गाडीत बसल्या. देव धर्माच्या माणसांना किती समज देतो, याचं वेंडेलला कौतुक वाटलं.

शनिवारी बंबखान्याचा हॉल भरला. एका भिंतीला लाल बंब, दुसऱ्या भिंतीला टेबलं; त्यांवर हॅम, कोबी घातलेल्या शेवया आणि काकवीचे केक मांडलेले. वेंडेल कोट घालून उभा होता. बेत ठरलेला होता: पट्टीचं कारण सांगून अंगठीचा भाग टाळायचा. रायफलीचा तो भाग स्टॅननं आपल्या गाडीत आणून ठेवला होता, कारण क्लबातला एक कारागीर तो संध्याकाळी बघणार होता. सगळं जमून आलं असतं. पण पास्टरबाई तोंड उघडणार तेवढ्यात डोरीननं हात वर केला.

"एक मिनिट," ती म्हणाली. "एकदा शपथ घेतली ती पंचवीस वर्षं पाळली. दुसरी घेण्यापूर्वी मला बोट बघायचंय."

वेंडेलनं सुटकेसाठी इकडेतिकडे पाहिलं आणि पट्टी सोडायला घेतली. ती सुटता सुटेना. शेवटी अर्लीनबाई पुढे झाल्या आणि त्यांनी सराईत हातानं ती उलगडली. आत धडधाकट बोट, आणि त्यावर अंगठीचा पांढरा वळ.

"अंगठी कुठे आहे?" डोरीननं विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच कापला.

"तिच्यापाशी," वेंडेल म्हणाला. "बाहेर. स्टॅनच्या गाडीत."

सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. मग स्टॅनकडे. स्टॅनचा चेहरा हॅमसारखा लाल झाला.

"कोण आहे ती?"

"कोण म्हणजे? तुझी रायफल."

स्टॅन धावत गेला आणि टेबलक्लॉथमध्ये गुंडाळलेला तो भाग घेऊन आला. केकच्या ताटल्या सरकवून त्यानं तो टेबलावर उलगडला. काळीभोर नळी, तिच्या तोंडावर टोपी, आणि मध्ये हेन्रीची अंगठी झळाळत होती. वेंडेलनं सगळं सांगून टाकलं. आटे, कायदा, ओलं फडकं, काहीही राखून न ठेवता. पास्टरबाई मटकन खुर्चीत बसल्या. "सोन्याची!" एवढंच त्या पुटपुटल्या.

बंबवाल्यांचा प्रमुख हार्लन बंबाकडे गेला आणि एक छोटीशी करवत घेऊन आला. सुजलेल्या बोटांतल्या अंगठ्या कापायला ती त्यांच्याकडे असतेच. "एवढंच ना? अर्ध्या मिनिटाचं काम."

वेंडेल आडवा आला. "हात लावायचा नाही! हिला करवत माहीत नाही!"

अर्लीनबाईंनी घसा खाकरला. "माहीत आहे," त्या म्हणाल्या. "काप रे. हेन्रीची बोटं उन्हाळ्यात फुगायची. दोनदा कापून सांधली होती. आतून बघ, रेघ दिसेल."

वेंडेलला घेरी यायचीच बाकी राहिली. "मग ते दर थँक्सगिव्हिंगला..."

"जावयाला थोडा धाक नको?"

डोरीनचं या कशाकडेच लक्ष नव्हतं. ती टोपी धरून पिळत होती. टोपी जागची हलत नव्हती.

"हे कशासाठी केलंस?" तिनं विचारलं.

"पलीकडे चालावी म्हणून. आपण जायचं आणि तुझी रायफल इथे राहायची, असं कसं?"

"आपण," डोरीन म्हणाली. "म्हणजे तू येणार आहेस."

"येणार आहेस म्हणजे? तू विचारलंस तेव्हाच नाही का सांगितलं?"

"काय सांगितलंस?"

वेंडेलनं आठवून पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "हं," तो हळूच म्हणाला. "डोरीन, ते 'हं' म्हणजे हो होतं गं."

डोरीनचे डोळे भरले. चार दिवस तिनं ज्याची खोकी वेगळी केली, तो माणूस तेच चार दिवस तिच्याबरोबर नदीपार जायची तयारी करत होता. तिला इतकं बरं वाटलं आणि इतका राग आला की आधी काय करावं तेच तिला कळेना. मग तिनं दोन्ही एकदम केलं. त्याच्या कोटात तोंड खुपसलं, आणि तिथूनच म्हणाली, "रायफल मी कर्टिसकडेच ठेवून जाणार होते, मूर्खा. माझ्या भावाला विचारूनसुद्धा झालं होतं. सोमवारी सांगितलं होतं तुला."

"मला? मग मी काय म्हणालो?"

"हं!" अख्खा हॉल एका सुरात म्हणाला.

हार्लन करवत घेऊन तसाच ताटकळत होता. डोरीननं डोळे पुसले. "राहू दे," ती म्हणाली. "बोटातून हा रोज उठून काढत होता. आता काढून दाखव म्हणावं. रायफल आमच्याबरोबर येईल."

पण शपथेला बोटात काहीतरी घालायला हवंच. स्टॅननं खिसे चाचपले. टोपीच्या पाकिटातला एक जास्तीचा पोलादी वायसर निघाला. अनामिकेत तो शिरेना, म्हणून डोरीननं तो करंगळीत दाबून बसवला. मग पास्टरबाईंनी आवाज लावून, सुखात आणि दुःखात, आजारपणात आणि आरोग्यात असा तो सगळा लांबलचक प्रश्न विचारला. वेंडेल तेवढा वेळ खाली मान घालून वायसर फिरवत होता. तो पेरापाशी रुतला होता आणि ना पुढे जात होता, ना मागे.

"हं," तो म्हणाला.



"बाईंनी काय विचारलं ते आधी सांग," डोरीन म्हणाली.

वेंडेलनं स्टॅनकडे पाहिलं. स्टॅन छताकडे बघत होता. पास्टरबाईंनी देवाचं नाव घेतलं आणि प्रश्न पहिल्यापासून पुन्हा विचारला. या वेळी वेंडेलनं शब्द न् शब्द कान देऊन ऐकला, बाईंच्या ओठांकडे बघत, इयत्ता पहिलीतल्या मुलासारखा.

"हो," तो म्हणाला. आणि तेवढं पुरेसं वाटलं नाही म्हणून म्हणाला, "कायमचं. साध्या हत्यारानं सुटणार नाही असं."

डोरीन हसली, रडली, आणि तिनंही होकार दिला. हार्लनची करवतही वाया गेली नाही. हॅम वाढायच्या आधी त्यानं तो वायसर कापून वेंडेलची करंगळी मोकळी केली.

रविवारी सामानाचा ट्रक पुढे गेला. मागून डोरीनची गाडी; ती चालवत होती, रायफल कायद्याप्रमाणे रिकामी करून कुलूपबंद पेटीत मागे ठेवलेली, आणि वेंडेल शेजारी बसलेला. पूल लागला. खाली नदी उन्हात चमकत होती. पंचवीस वर्षांत जे कधी बोलला नव्हता ते वेंडेलनं धीर करून बोलायला सुरुवात केली. तिच्याशिवाय आपलं पान हलत नाही, ती म्हणेल त्या गावाला आपण येऊ, अगदी जिथे पेट्रोलसुद्धा दुसरा भरतो तिथेही. आणि यापुढे तिचा प्रत्येक शब्द आपण नीट ऐकणार. बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला. मग तो तिच्याकडे बघत राहिला.

डोरीन पुढचं वळण कुठलं घ्यायचं ते बघत होती.

"हं," ती म्हणाली.